विसरणारा ट्रे

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर एक लांबट सागवानी ट्रे होता. त्यात वाचकांची तिकिटं परतीच्या तारखेप्रमाणे उभी लावलेली असायची. तिकीट म्हणजे जाड कागदाचा छोटा खिसाच, वर वाचकाचं नाव आणि सभासद क्रमांक. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही असाच एक खिसा चिकटवलेला असे आणि त्यात त्या पुस्तकाचं कार्ड. कुणी पुस्तक न्यायला आलं की पुस्तकातलं कार्ड काढायचं, वाचकाच्या तिकिटात सरकवायचं, तारीखचिठ्ठीवर शिक्का मारायचा आणि ती जोडी ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक परत आलं की जोडी सोडवायची. कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात.

मग मागे काही उरत नसे. तारीखचिठ्ठीवर शिक्क्यांच्या तारखा राहायच्या, पण नाव कुणाचंच नाही. पुस्तक घरी असेपर्यंत ते कुणाकडे आहे हे मला ठाऊक, परत आलं की वाचनालय विसरून गेलं. हिला ब्राऊन पद्धत म्हणतात. ग्रंथपालनाच्या परीक्षेत तिच्याबरोबर न्यूआर्क पद्धतही अभ्यासाला असायची. न्यूआर्कमध्ये पुस्तकाच्या कार्डावरच सभासदाचा क्रमांक लिहितात, त्यामुळे ते पुस्तक आजवर कुणाकुणाच्या हातून गेलं याची यादी पुस्तकाच्या पोटातच राहते. परीक्षेत आम्ही लिहायचो की ब्राऊन पद्धतीत जुनी नोंद मिळत नाही, हा तिचा दोष. मीही तसंच लिहिलं होतं आणि त्याचे मार्क घेतले होते.

तो दोष नाही हे मला १९९४ साली कळलं.

गावातल्या एका मोठ्या घरातली सून आमच्याकडे यायची. सासूबाईंसाठी पोथ्या आणि कादंबऱ्या न्यायची. एकदा तिने त्यांच्याबरोबर हिंदू विवाह कायद्यावरचं मराठी पुस्तक नेलं. काउंटरवर ठेवताना ते दोन कादंबऱ्यांच्या मधे घातलेलं होतं. मी शिक्का मारला, काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते परत आणून दिलं. त्यानंतरच्या सोमवारी तिचे दीर आले. वाचनालयाला देणगी देणारं घर, अध्यक्षांच्या ओळखीचे. "बाई, आमच्या वहिनी इथून काय काय नेतात ते जरा बघायचं होतं."

मी ट्रे त्यांच्यापुढे ओढला. तिच्या नावाचं तिकीट त्यात नव्हतं, ते तिच्याजवळ होतं. कायद्याचं पुस्तक कपाटात होतं, त्याचं कार्ड त्याच्या खिशात. "सध्या त्यांच्याकडे आपलं एकही पुस्तक नाही. आधीची नोंद आम्ही ठेवत नाही," मी म्हटलं. त्यांनी दाखल नोंदवहीही चाळून पाहिली, पण तीत पुस्तकांची किंमत आणि खरेदीची तारीख असते, वाचकांची नावं नसतात. पाच मिनिटं उभे राहून गेले.

मला आठवत होतं, अर्थातच. पण माझ्या आठवणीवर त्यांचा हक्क नव्हता आणि कागदावर तर काही नव्हतंच. वही असती तर अध्यक्षांचा फोन आला असता आणि ती वही मला द्यावी लागली असती. मी किती धीराची आहे यावर त्या बाईची सुरक्षा अवलंबून राहिली असती. ट्रेमुळे ती माझ्या धीरावर अवलंबून राहिली नाही. पुढे तिचं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझ्या उजव्या हाताचा कंप.

गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर मी न्यू जर्सीत अनघाकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे होते. एडिसनजवळ घर आहे त्यांचं. विमान न्यूआर्कला उतरतं, ज्या गावच्या सार्वजनिक वाचनालयावरून त्या पद्धतीला नाव पडलं तेच हे न्यूआर्क. तिथे गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत चहाचा कप उचलताना हात थरथरायला लागला. बशीवर कपाचा आवाज व्हायचा म्हणून मी कपबशीऐवजी कॉफीचा मग वापरू लागले. अनघाला सांगितलं नाही. ती नोकरी, माझ्या नातीची, ईराची शाळा, घर यांत बुडालेली, आणि तिकडे डॉक्टर गाठायचा म्हणजे विम्यापासून सगळी उठाठेव. रात्री सगळे झोपल्यावर त्यांच्या टॅबवर वाचत बसायची. साधा कंप आणि कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, यांत फरक काय, सुरुवात कशी होते, एका हाताने होते की दोन्ही. चार-पाच रात्री वाचलं असेल.

एका रविवारी अनघा स्वयंपाकघरात लॅपटॉपवर पोळ्यांच्या पिठाची ऑर्डर टाकत होती. मधेच थांबली. म्हणाली, "आई, तू काही शोधत होतीस का?" तिच्या पडद्यावर कडेला एका चमच्याची जाहिरात होती. कंपवाताच्या रुग्णांना हात थरथरला तरी सांडू न देणारा चमचा. मी भाजी चिरत होते. तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

जी गोष्ट मी लेकीला माझ्या तोंडाने, माझी वेळ बघून सांगणार होते, ती तिला एका जाहिरातीने सांगितली. मला त्या क्षणी भीतीपेक्षा संताप जास्त आला आणि तो अजून गेलेला नाही. (हात ठीक आहे. साताऱ्याला परत आल्यावर न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं, साधा कंप आहे, कंपवात नाही.)

जावई, समीर, संगणकाच्या क्षेत्रातले. त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. ती जाहिरात तीन-चार वाटांनी येऊ शकते. शोधयंत्र चालवणारी कंपनी, ज्या संकेतस्थळांवर मी गेले त्यांनी आत बसवलेले पाळतीचे धागे, टॅबमधली ॲप्स, आणि चौथी वाट म्हणजे नेट पुरवणारी कंपनी. घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात, म्हणून टॅबवर वाचलेलं लॅपटॉपवर निघतं. यातलं नेमकं कोण, हे घरात बसून शोधता येण्यासारखं नव्हतं.

पण त्या चौघांत नेटवाली कंपनी मला वेगळी वाटली. शोधयंत्र बदलता येतं. एखादं संकेतस्थळ आवडलं नाही तर तिकडे फिरकायचं नाही. नेटवाल्याला कसं टाळणार? अनघाच्या रस्त्यावर तारेचं नेट देणाऱ्या दोनच कंपन्या आहेत. बाकीचे म्हणतात की सेवा फुकट आहे, म्हणून जाहिराती. इथे तर दरमहा बिल भरलं जातं. आणि बाकीच्यांना तुमच्या वाचनाचा एकेक तुकडा दिसतो, तर याच्या दारातून सगळंच जातं.

काय दिसतं त्यांना? याबद्दल मी समीरला खूप खोदून विचारलं, कारण माझा समज होता की संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह आलं की सगळं झाकलं. तसं नाही. कुलूप असलं की पानावरचा मजकूर झाकला जातो, तुम्ही त्या संकेतस्थळात कुठल्या पानावर आहात तेही झाकलं जातं. पण संकेतस्थळाचं नाव सहसा उघडं राहतं. तुमचं यंत्र आधी त्या नावाचा पत्ता विचारतं आणि तो प्रश्न सरसकट नेटवाल्याच्याच यंत्राकडे जातो. शिवाय जोडणी सुरू होताना ते नाव पुन्हा एकदा उघडपणे सांगितलं जातं. किती वाजता गेलात, किती वेळ होतात, किती माहिती आली-गेली, हेही दिसतं. म्हणजे वाचक कुठल्या कपाटापाशी गेला आणि किती वेळ उभा राहिला हे दिसतं, पुस्तक उघडून काय वाचलं हे दिसत नाही. ज्या कपाटावर रोगाचं नावच लिहिलंय त्यापाशी रात्री दीड वाजता चार रात्री उभ्या राहिलेल्या बाईबद्दल आणखी काय कळायचं राहिलं?

त्या रात्री आम्ही तिघं नेट कंपनीच्या खात्याचं पान उघडून बसलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. आधी लॉगिन, मग खातं, मग प्रोफाइल, मग खाली सरकत सरकत बारीक अक्षरात गोपनीयता. तिथे तीन खटके होते आणि तिन्ही निळे, म्हणजे चालू. पहिल्यावर लिहिलं होतं की तुमचा अनुभव तुमच्या आवडीप्रमाणे घडवण्यासाठी आम्ही तुम्ही भेट दिलेल्या संकेतस्थळांची माहिती वापरू. जाहिरात हा शब्द पहिल्या ओळीत नव्हता. "अधिक वाचा" दाबल्यावर तिसऱ्या परिच्छेदात होता. आणि हे खटके प्रत्येक जोडणीला वेगळे. अनघाचा फोन, समीरचा फोन, ईराचा फोन, टॅब, घरचं नेट. पाच गुणिले तीन, पंधरा खटके. एक बंद केला की दरवेळी विचारायचं, नक्की बंद करायचं का, तुम्हाला उपयोगी गोष्टी दिसणार नाहीत.

मी म्हटलं, टॅबचा मी बंद करते. करता येईना. खातं अनघाच्या नावावर, खटका तिनेच बंद करायचा. चार वर्षांपूर्वी जोडणी घेताना तिने कुठेतरी "मान्य" वर बोट ठेवलं होतं आणि त्या एका बोटात माझ्या रात्रीच्या वाचनाचा होकार धरला गेला होता, मी तेव्हा सातारा जिल्ह्यात बसलेली असताना. ईरा तेरा वर्षांची. तिचाही होकार त्यातच.

तिकडे याला ऑप्ट-आउट म्हणतात. मी त्याला मागाहूनचा नकार म्हणते. दुसरी रीत ऑप्ट-इन, म्हणजे आधी होकार. शब्द जवळजवळ सारखे आहेत म्हणून माणसं फसतात. आधी होकार घ्यायचा असेल तर कंपनीला माझ्या दारात येऊन, मला समजेल अशा भाषेत विचारावं लागतं. मागाहूनचा नकार ठेवला की मला त्यांच्या घरात शिरून खटका कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि खटका आहे हे तरी मला आधी माहीत असावं लागतं.

अमेरिकेत या खटक्याचा इतिहास मोठा आहे. मी तिथे असेपर्यंत रोज थोडा थोडा वाचत गेले.

व्हेरायझन या फोन-नेट कंपनीने २०१२च्या अखेरीपासून मोबाइलवरून पान उघडताना जाणाऱ्या, कुलूप नसलेल्या प्रत्येक विनंतीत ग्राहकाची एक खूण घालायला सुरुवात केली. ही खूण फोनमध्ये नसायची, वाटेत कंपनीच्या जाळ्यात चिकटवली जायची. त्यामुळे माणसाने फोनमधल्या कुकीज, म्हणजे संकेतस्थळं ओळखीसाठी ठेवतात त्या छोट्या नोंदी, कितीही वेळा पुसल्या तरी ती पुसली जात नसे. २०१४ मध्ये हे बाहेर आलं, आणि त्याबरोबर हेही कळलं की ज्यांनी "आम्हाला जाहिराती नकोत" असं कंपनीला कळवलं होतं त्यांच्याही विनंत्यांत ती खूण जातच होती. पुढे टर्न नावाच्या एका जाहिरात कंपनीने त्याच खुणेच्या आधाराने लोकांनी पुसलेल्या कुकीज पुन्हा उभ्या केल्याचं उघड झालं. मार्च २०१६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, व्हेरायझनला १३ लाख ५० हजार डॉलर भरायला लावले आणि ही खूण बाहेरच्या कंपन्यांना द्यायची तर आधी होकार घ्या असं बजावलं. नकार दिलेला असताना खूण चालू ठेवणं, हे मी दोनदा वाचलं. म्हणजे खटका बंद केल्यावर नेमकं काय बंद होतं, हे सांगणाराही तोच.

दुसरी गोष्ट टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराची. एटी अँड टी या नेट कंपनीने तिथे २०१३च्या शेवटी अतिवेगवान नेट आणलं, महिना ७० डॉलर. अट अशी, की तुम्ही काय बघता, काय शोधता यावर कंपनी नजर ठेवणार आणि त्याप्रमाणे जाहिराती दाखवणार. हे नको असेल तर ९९ डॉलर. महिन्याला २९, वर्षाचे ३४८ डॉलर, नजर हटवण्याचे. २०१६ मध्ये त्यांनी ही योजना बंद केली, पण तीन वर्षं ती उजळ माथ्याने चालली. आमच्या वाचनालयाची वर्गणी एके काळी महिना दहा रुपये होती. वीस दिलेत तर तुमची यादी दिरांना दाखवणार नाही, असा फलक मी काउंटरवर लावला असता तर? ज्या बाईकडे स्वतःचे म्हणून दहाच रुपये असतात, यादी तिचीच उघडी पडली असती. तिलाच झाकणाची सगळ्यांत जास्त गरज होती.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एफसीसीने नियम केला की वाचनाचा, म्हणजे संकेतस्थळांचा इतिहास वापरायचा तर नेट कंपनीने आधी होकार घ्यावा. तो अमलात येण्याआधीच मार्च २०१७ मध्ये तिथल्या संसदेने, काँग्रेसने, रद्द केला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४८, प्रतिनिधीगृहात २१५ विरुद्ध २०५. ३ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली. ज्या कायद्याने तो रद्द केला त्यातच अशी तरतूद आहे की आयोगाला पुन्हा तसाच नियम स्वतःहून करता येत नाही. सिनेटमध्ये दोन मतांचा फरक! दोन माणसं दुसऱ्या बाजूला बसली असती तर कदाचित अनघाच्या खात्यातले खटके बंद अवस्थेत आले असते.

मेन राज्याने मात्र हट्ट धरला. तिथे २०१९ मध्ये कायदा झाला, १ जुलै २०२० पासून लागू झाला. नेट कंपनीने आधी होकार घ्यायचा, होकार दिला नाही म्हणून सेवा नाकारायची नाही, जादा पैसे घ्यायचे नाहीत आणि होकार दिला म्हणून सूटही द्यायची नाही. कंपन्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, तिथे त्यांचं चाललं नाही आणि २०२२ मध्ये त्यांनी दावा मागे घेतला. मेनमध्ये लोकांचं नेट त्यामुळे बंद पडलेलं नाही. न्यू जर्सीत जानेवारी २०२५ पासून नवा गोपनीयता कायदा आहे, पण लक्ष्य साधून केलेल्या जाहिरातींच्या बाबतीत तो मागाहूनच्या नकाराचा आहे. आरोग्याच्या माहितीला मात्र आधी होकार लागतो. रोगाचं नाव असलेल्या संकेतस्थळाचं नाव ही आरोग्याची माहिती धरायची की नुसता पत्ता? मला विचाराल तर ती आरोग्याचीच माहिती आहे.

तिथल्या व्यापार आयोगाने, एफटीसीने, ऑक्टोबर २०२१ मध्ये सहा मोठ्या नेट कंपन्यांच्या पद्धती तपासून अहवाल काढला. त्यात स्पष्ट म्हटलंय की कंपन्या पर्याय देतो म्हणतात, पण ते पर्याय सापडणं आणि वापरणं अवघड करून ठेवलेलं असतं. अनेक कंपन्या ग्राहकांचे गट पाडतात आणि त्यांत वंश आणि लैंगिक कल यांसारख्या नाजूक गोष्टीही येतात. आमच्या पंधरा खटक्यांचा तो अनुभव सरकारी कागदावर वाचून मला धीर आला.

जुलैमध्ये मी अनघाच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्या निम्म्या वयाच्या. मी त्यांना विचारलं, तुमचं संगणकावर चालतं, मग वाचकाने परत केलेल्या पुस्तकांची यादी राहते का? त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. पुस्तक परत आलं आणि दंड नसला की वाचकाचं नाव आणि पुस्तक यांची जोड तुटते. एखाद्याला आपण काय वाचलं ते लक्षात ठेवायचं असेल तर तो स्वतः खूण करून यादी सुरू करू शकतो. ती चौकट रिकामी होती. आपोआप भरलेली नव्हती. अमेरिकेतल्या ४८ राज्यांत वाचनालयाच्या नोंदी गुप्त ठेवण्याचे कायदे आहेत, न्यू जर्सीतही आहे.

मग मी न्यूआर्क पद्धतीचा विषय काढला. त्यांनी आतल्या खोलीतून एक जुनं बागकामाचं पुस्तक आणून दिलं, खिसा आणि कार्ड जसंच्या तसं. कार्डावर निळ्या, काळ्या, जांभळ्या शाईत सभासद क्रमांक एकाखाली एक. शेवटचा १९८६चा. मी त्यावरून बोट फिरवलं. तेवीस माणसं. त्यांच्या बागा आता असतील-नसतील, पण त्यांनी हे पुस्तक नेलं होतं हे मला, सातारा जिल्ह्यातल्या बाईला, चाळीस वर्षांनी कळू शकत होतं. बागकामाचं होतं म्हणून ठीक.

त्याच गावात, त्याच रस्त्यावर, एका दारात तुमचं वाचन परतीबरोबर विसरलं जातं आणि दुसऱ्या दारात ते चालू खटक्यावर ठेवलेलं असतं. पहिल्या दारातून माणूस महिन्यातून एकदा-दोनदा जातो. दुसऱ्या दारातून दिवसभर.

आता आपल्याकडचं.

२०१५ मध्ये बंगळूरच्या एका तंत्रज्ञाला दिसलं की एअरटेलच्या थ्रीजीवरून पान उघडलं की त्या पानात मूळ संकेतस्थळाने न घातलेला कोड येतो. त्याने ते जगजाहीर केलं, तर ज्या इस्रायली कंपनीचा तो कोड होता तिची कायदेशीर नोटीस त्यालाच आली. कंपनीचं म्हणणं होतं की ग्राहकाला डेटा किती वापरला ते कळावं म्हणून हे केलं. कारण काहीही असो, माणसाला न विचारता त्याच्या पुस्तकात पान चिकटवलेलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढच्या वर्षी आपल्या दूरसंचार नियामकाने, ट्रायने, शिफारस केली की दूरसंचाराच्या ग्राहकाची माहिती ही ग्राहकाच्याच मालकीची, कंपन्या फक्त राखणदार. त्या शिफारशीतला मालकी हा शब्द मी अधोरेखित करून ठेवलाय.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आधी होकाराच्या बाजूचा आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. होकार मोकळेपणाने दिलेला, नेमका, समजून दिलेला, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून दिलेला हवा. आधीच चालू ठेवलेला खटका ही माझी कृती नव्हे. होकार मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीतही. देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं हवं. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती करायला मनाई आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिलेत.

आणि एक गोष्ट अशी, जी माझ्या ट्रेच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे नेट कंपन्यांना परवान्याच्या अटीप्रमाणे जोडण्यांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. डिसेंबर २०२१ पर्यंत किमान एक वर्ष, तेव्हापासून किमान दोन. तपासयंत्रणांना लागतात हे मला मान्य आहे, गुन्हे घडतात. पण नोंद एकदा असली की ती मागणारे दीर येतातच. म्हणून ती कुणाला, कशासाठी, कुणाच्या परवानगीने दिली जाते याबद्दल कडक राहायला हवं, आणि जाहिरातीसाठी तर तिच्याकडे बघूही नये.

मी स्वतः काय केलं? न्यू जर्सीत पंधराही खटके बंद केले, अनघाच्या बोटाने. समीरने राऊटरमध्ये पत्ता विचारायचं काम नेट कंपनीच्या यंत्राऐवजी दुसऱ्याकडे दिलं आणि तो प्रश्न बंद पाकिटातून जाईल असं केलं. फायरफॉक्स तर तिकडे २०२० पासून हे आपणहून करतो. त्याने नेटवाल्याला थोडं कमी दिसतं, पण मग तो दुसरा बघतो, भरवसा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. सगळी ये-जा दुसऱ्या कंपनीच्या बंद वाटेने नेणाऱ्या व्हीपीएनचंही तेच. मी ते वापरते, पण त्याला उत्तर म्हणत नाही.

परत आल्यावर घरी फायबर घेतलं. गावातल्याच केबलवाल्याचा मुलगा जोडायला आला. तार ओढली, डबी बसवली आणि म्हणाला, "काकू, ओटीपी आला असेल, सांगा." मेसेज वाचला. त्यात लिहिलं होतं, हा क्रमांक सांगितल्यास आपण अटी व शर्ती स्वीकारल्या असं समजलं जाईल. मी म्हटलं, "बाळा, अटी दाखव ना." त्याच्याकडे कधी कुणी मागितल्या नव्हत्या. त्याने मालकाला फोन केला, मालकाने एक लिंक पाठवली, सगळं इंग्रजीत. मी चहा ठेवला आणि वाचायला बसले. तोही बसला, बिचारा घाईत होता, तरी बसला. नवव्या कलमात होतं की ग्राहकाच्या वापराची माहिती भागीदारांना विपणनासाठी देता येईल. मी त्याला ते मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या घरचं पण?" त्याच्याही घरी तेच नेट होतं.

ओटीपी मी सांगितला, कारण नेट हवं होतं. त्याच दिवशी कंपनीला मराठीत पत्र लिहिलं. नवव्या कलमाला माझा होकार नाही, तो नसताना सेवा चालू राहील असं लेखी कळवावं, आणि माझ्या वापराची कुठली माहिती, किती काळ, कुणाला दिली जाते ते सांगावं. स्पीड पोस्टाने पाठवलं, एक प्रत मेलवर. त्या मुलाने स्वतःच्या नावाचंही एक पत्र माझ्याकडून लिहून घेतलं.

पोचपावती आलीय, उत्तर नाही. एक तारखेला स्मरणपत्र जाईल, दोघांचंही. कुणाला त्या पत्राचा मसुदा हवा असेल तर कळवा, पाठवीन. तुमचं नाव मी कुठे लिहून ठेवणार नाही.